वर्षाचा एक शब्द: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही एक पद्धत सुचवली होती. नव्या वर्षासाठी संकल्पांची यादी करण्याऐवजी एकच शब्द निवडायचा आणि लहान-मोठा निर्णय घेताना तो आठवायचा. त्यावर कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतलेत. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून फक्त पेठ किंवा गाव दिलंय.

प्रश्न: दर वर्षी ठरवतो, रोज पहाटे रंकाळा तलावाला एक फेरी मारायची. संक्रांतीपर्यंत सगळं थंड. शब्द घेतल्यानं यात काय वेगळं होणार? (शिवाजी पेठ)

उत्तर: 'रोज एक फेरी' हा नेम झाला. नेमात खाडा पडला की मन खट्टू होतं आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. शब्दाला खाडा नसतो. समजा, तुम्ही 'चाल' हा शब्द घेतला. सकाळची फेरी बुडाली तरी संध्याकाळी कोपऱ्यावरून दही आणायला गाडी काढायची का, हा प्रश्न समोर येतोच. शब्दाचं खरं काम तिथं आहे.

पण नुसता शब्द हवेत राहतो. पूजेला बसल्यावर गुरुजी संकल्प सांगतात तो एकदा कान देऊन ऐका. देश, काळ, तिथी, वार, तुमचं नाव, गोत्र, पूजा कशासाठी आहे ते, आणि मग हातावरून ताम्हनात पाणी. कोण, कुठे, कधी, कशासाठी, सगळं पक्कं करून मगच पाणी सोडतात. शब्दालाही एवढं बांधून घ्यावं लागतं. कागदावर चार ओळी लिहा. शब्द: चाल. कुठे: घरापासून एक किलोमीटरच्या आतलं कुठलंही काम. कधी: गाडीच्या किल्लीला हात जाईल तेव्हा. कशासाठी: रक्तातली साखर आटोक्यात राहावी म्हणून. चौथी ओळ लिहायचा कंटाळा येतो, पण फेब्रुवारीत उत्साह ओसरला की तीच हाताशी येते.

फेरीही सोडू नका. लंडनमधल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला होता, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांवर गेला. आणि मधे एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. तुमचा नेम संक्रांतीला थंड होतो म्हणजे जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. इतक्या लवकर स्वतःला नापास करू नका.

प्रश्न: शब्द निवडायचा तरी कसा? डोक्यात एकदम वीस शब्द येतात, सगळेच चांगले वाटतात. (महाद्वार रोड)

उत्तर: शब्दापासून सुरुवात केली की असंच होतं. सुरुवात गेल्या वर्षापासून करा. एक तास मोकळा काढा आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर खाली उतरवा. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, दवाखान्याची वेळ, लग्नाची आमंत्रणं, वर्षाचा खरा इतिहास त्यावरच असतो. सोबत फोनमधले फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी चाळा. प्रत्येक महिन्यासाठी दोनच ओळी लिहायच्या: काय सललं आणि काय बरं वाटलं. चोवीस ओळी होतील. काही महिन्यांपुढे काहीच सुचणार नाही, ती जागा कोरी सोडा.

आता सललेल्या ओळींत पुन्हा पुन्हा काय येतंय ते बघा. उदाहरणासाठी कापडाचं दुकान धरू. मार्च: जुन्या उधारीसाठी तीन फेऱ्या. मे: लग्नसराई म्हणून माल जास्त भरला, निम्मा पडून. ऑगस्ट: दुकान वेळेत बंद झालं नाही, मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला पोचलो नाही. ऑक्टोबर: एजंटच्या आग्रहामुळे साड्यांचे दोन गठ्ठे जादा उतरवले. वरवर बघता हे चार वेगळे त्रास आहेत. नीट बघितलं तर चारही ठिकाणी माणूस भरीस पडलाय: गिऱ्हाईकाच्या, हंगामाच्या, शटर ओढू न देणाऱ्या शेवटच्या गिऱ्हाईकाच्या आणि एजंटच्या. हे सापडलं की शब्द जवळ आला.

त्यावरून चार-पाच शब्द काढा. इथे 'हिशोब', 'ठाम', 'आधी' आणि 'पुरे' असे येतील. मग प्रत्येकाला एकच कसोटी लावा: गेल्या आठवड्यातले तीन निर्णय आठवा आणि विचारा, त्या क्षणी हा शब्द मनात असता तर मी वेगळं काय केलं असतं? 'हिशोब' तर रोज रात्री होतोच, त्यानं नवं काही घडलं नसतं. 'ठाम' भारदस्त आहे, पण नेमकं काय करायचं ते सांगत नाही. 'आधी' इतका मोठा आहे की त्यात काहीही मावतं. 'पुरे' मात्र जादा गठ्ठा उतरवताना आणि रात्री नऊ वाजता शटरपाशी, दोन्हीकडे हात धरतो. शब्द ठरला.

तरी लगेच पक्का करू नका. सात दिवस वापरून बघा. सात दिवसांत तीनदा तरी आपणहून आठवला नाही, तर यादीतला दुसरा घ्या. आणखी एक खबरदारी. 'पुरे'सारखा शब्द दुसऱ्यावरही चालवता येतो. मुलगी चित्र दाखवायला आली आणि तोंडातून 'पुरे' निघालं, तर शब्द भलत्याच ठिकाणी लागला. हा शब्द फक्त स्वतःला म्हणायचा, असं त्याच कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: मी गेल्या वर्षी 'आनंद' घेतला होता. काहीच घडलं नाही, उलट आपण आनंदी नाही हे रोज जाणवायचं. (रुईकर कॉलनी)

उत्तर: तुमचं काही चुकलं नाही, शब्द चुकला. आनंद, शांती, यश, समाधान ही फळं आहेत, ती हुकमानं येत नाहीत. रोज सकाळी झाडाखाली जाऊन फळ पडलंय का बघितलं तर रोज निराशाच पदरी पडणार. हाताला काम देणारा शब्द घ्या, म्हणजे ज्याची स्वतःला आज्ञा करता येते: थांब, ऐक, मोज, संपव, विचार, सांग. आनंद कशात मिळतो हे वरच्या चोवीस ओळींतल्या 'बरं वाटलं' या बाजूला सापडेल. तिथे बहिणीशी फोनवर झालेल्या गप्पा चार वेळा आल्या असतील तर तुमचा शब्द 'बोल' आहे.

याच्याच जोडीला दुसरी चूक सांगतो, कारण तसे शब्द पत्रांतून खूप आलेत: 'चिडू नको', 'मोबाइल बंद', 'गोड नाही'. नकाराचा शब्द टिकायला कठीण. स्वीडनमध्ये हजाराहून अधिक लोकांच्या नववर्षाच्या संकल्पांचा वर्षभर पाठपुरावा झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीतरी करायचं ठरवलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी वर्षाअखेरीस आपण यशस्वी झालो असं सांगितलं. काहीतरी टाळायचं ठरवलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होतं. म्हणून 'चिडू नको'च्या जागी 'थांब' घ्या, 'गोड नाही'च्या जागी 'फळ' चालेल.

प्रश्न: जानेवारीत आमच्याकडं ऊसतोड जोरात असते. टोळी दारात, ट्रॅक्टर रानात, आणि शब्द कुठला निवडताय? शेतकऱ्यानं नवं वर्ष कधी धरायचं? (कागल तालुका)

उत्तर: तुमचं वर्ष जिथं वळतं तिथं. १ जानेवारीला काही विशेष मान नाही. आपल्याकडे गुढीपाडव्याला शक बदलतो, एप्रिलला बँकेचं वर्ष बदलतं, आणि कोल्हापूरच्या बाजारात नव्या गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर निघतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवडा, महिना किंवा वर्ष नव्यानं सुरू झालं की, आणि वाढदिवसानंतरही, लोकांचं व्यायामशाळेत जाणं वाढतं. मनाला नवी पाटी लागते, तारीख कुठलीही चालते.

तुमच्यासाठी सोयीचा आठवडा म्हणजे ऊस गेल्यानंतरचा. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक, राखायचा की रान मोकळं करायचं, हे तेव्हा ठरतं. तोवर वर्षातले सगळे त्रासही ताजे असतात. शेतकऱ्यांच्या पत्रांत सर्वांत जास्त आलेली तक्रार 'ध्यानात राहिलं नाही' ही होती: खताची पोती किती पडली, टोळीला उचल म्हणून आगाऊ पैसे किती दिले, पाण्याची पाळी कधी झाली. त्यावर शब्द आहे 'नोंद'. तो बांधायचा असा: शंभर पानी वही गाडीच्या डिकीत, तिला दोऱ्यानं पेन बांधलेलं, आणि रानातून निघताना गाडीला किक मारण्याआधी एक ओळ. घरी जाऊन लिहीन म्हटलं की राहिलंच. वजनकाट्याच्या पावत्या वहीच्या शेवटच्या पानाला क्लिपनं लावा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळावं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते दिवस मोजायचे तर ऊस गेल्याची तारीख हातात हवी.

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा, तालमीत जातो. त्यानं शब्द घेतलाय 'दम'. मी म्हणतोय 'मेहनत' घे. कुणाचं बरोबर? (करवीर तालुका)

उत्तर: मुलाचं. एक तर शब्द त्याचा आहे, दिलेला शब्द उपदेश होऊन बसतो. दुसरं, तालमीत 'मेहनत' हा रोजच्या कामाचाच शब्द आहे. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी लढत, ती मेहनत तो करतोच. जे आधीच होतंय त्याला शब्द लागत नाही.

'दम' मात्र जपून वापरायला हवा, कारण त्याला तीन अर्थ आहेत: श्वास, धीर आणि धमकी. कोणता घेतलाय हे त्यालाच लिहायला सांगा. तिसरा अर्थ हळूच शिरला तर धाकट्या पोरांना दम देणं सुरू होईल आणि तेही शब्दाच्या नावाखाली. पहिल्या दोन अर्थांना जागा सोपी आहे. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, उतरल्यावर हळद-ताक मुरलेली ती तांबडी माती अंगाला लावताना तीन सावकाश श्वास, मग हात मिळवायचा. हेच तीन श्वास परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात आल्यावर, पहिला प्रश्न वाचण्याआधी. एका शब्दाला अशा दोन जागा मिळाल्या की तो लवकर रुजतो. वस्तादांच्याही कानावर घाला, ते योग्य वेळी एका शब्दात आठवण करून देतील.

प्रश्न: फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावला होता. आठ दिवसांत दिसेनासाच झाला. (राजारामपुरी)

उत्तर: रोज दिसणारी गोष्ट डोळा गाळून टाकतो. पूर्वी विसरू नये म्हणून पदराला गाठ मारत. ती गाठ कामाच्या वेळी नेमकी बोटाला लागायची, म्हणून आठवण व्हायची. शब्दही हाताला लागेल अशा ठिकाणी हवा: किल्लीला बांधलेला रंगीत दोरा, पाकिटात नोटांच्या आधी येणारी चिठ्ठी, गजराच्या नावाच्या जागी लिहिलेला शब्द. साधारण दोन महिन्यांनी जागा बदला.

त्याहून पक्का उपाय म्हणजे 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं वाक्य. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर अनेक वर्षं काम केलंय. २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा या वाक्यांचा ठळक फायदा दिसला. शब्द 'ऐक' असेल तर: 'आई बोलायला लागली की फोन पालथा ठेवीन.' शब्द 'थांब' असेल तर: 'रागात मेसेज लिहून झाला की पाठवण्याआधी उठून तांब्याभर पाणी पिऊन येईन.' वाक्यात दिसणारी किंवा ऐकू येणारी खूण हवी. 'राग आला की' ही खूण चालत नाही, कारण राग आल्याचं आपल्याला नंतर कळतं. 'आवाज चढला की' चालते. आणि अशी वाक्यं दोनच ठेवा. तिसरं लिहिलं की पुन्हा यादी तयार होते.

प्रश्न: घरात सहा माणसं. सासूबाईंची इच्छा आहे की सगळ्या घराचा मिळून एकच शब्द असावा, 'शिस्त'. मुलं आत्तापासूनच तोंड वाकडं करताहेत. (उजळाईवाडी)

उत्तर: सासूबाईंना म्हणावं, 'आई, शिस्त तुमचा शब्द असू दे, आम्ही आमचे निवडतो.' त्यांना घर एकत्र बांधायचंय, ती भावना चांगली आहे, ती दुसऱ्या रीतीनं जपता येईल. रविवारी जेवणं झाली की प्रत्येकानं आठवड्यातला एकच प्रसंग सांगायचा, जिथं आपला शब्द आठवला. आठवला नसेल तर 'नाही आठवला' एवढंच. इतरांनी सल्ला द्यायचा नाही, हा नियम मात्र सगळ्यांना, आईंनाही. आठ वर्षांखालच्या मुलांना यात ओढू नका. मोठ्यांचं ऐकून त्यांना हवा तो शब्द ती आपणहून घेतील, आणि तो 'आइस्क्रीम' असला तरी हरकत नाही.

प्रश्न: शब्द इंग्रजी चालेल का? माझ्या डोक्यात 'फोकस' बसलाय. (शाहूपुरी)

उत्तर: दिवसभर तुमच्या तोंडी असेल तर बिनधास्त घ्या. फक्त 'बॅलन्स', 'ग्रोथ' असे सभेतून उचलून आणलेले शब्द टाळा. रात्री अकरा वाजता थकलेलं मन ज्या भाषेत बोलतं, त्या भाषेतला हवा.

प्रश्न: शब्द कोरलेलं चांदीचं पेंडंट गुजरीतून, आपल्या सराफ बाजारातून, करून घ्यायचंय. लगेच करू का? (मंगळवार पेठ)

उत्तर: तीन महिने थांबा. शब्द बदलायचाच असेल तर बहुतेक वेळा तो याच काळात बदलतो. करताना जोडाक्षर नसलेला शब्द सोपा पडतो, कारण लहान पत्र्यावर जोडाक्षराच्या रेघा एकमेकींत मिसळतात. अक्षर आधी खऱ्या मापात कागदावर काढून हातभर अंतरावरून वाचून बघा.

प्रश्न: या वर्षी घरातलं माणूस गेलं. सगळे म्हणतात नवी सुरुवात कर, शब्द निवड. काहीच सुचत नाही. (लक्ष्मीपुरी)

उत्तर: निवडू नका. आपल्याकडे माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण करत नाहीत, त्यात मोठं शहाणपण आहे. मनाला तेवढा अवधी लागतो. तुमचं पान कोरं राहू दे, आणि 'नवी सुरुवात' म्हणणाऱ्यांना सांगा, वर्षश्राद्धानंतर बघू. तोवर वेळेवर जेवण, झोप आणि रोज एका माणसाशी बोलणं, एवढं सांभाळलंत तरी खूप आहे. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर शब्दानं किंवा धीरानं निभावायचा प्रयत्न करू नका, डॉक्टरांना भेटा. 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव द्यायचे विचार मनात येत असतील तर दोन आठवडे न थांबता आजच फोन करा.

प्रश्न: वर्षाच्या मधे शब्द बदलला तर चालतो का? आणि वर्ष संपल्यावर त्याचं करायचं काय? (गांधीनगर, जयसिंगपूर आणि आणखी काही वाचक)

उत्तर: बदलायची दोन रास्त कारणं आहेत. सलग तीस दिवसांत शब्द एकदाही आठवला नाही, किंवा आठवला की मनाला टोचणी लागते, स्वतःचा राग येतो. कंटाळा हे कारण धरू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येतोच, आणि शब्द अंगात मुरायला लागतो तोही साधारण त्याच सुमारास. बघायचे दिवस आधीच ठरवून टाका: गुढीपाडवा, आषाढी, दसरा. दर वेळी दहा मिनिटं पुरेत. ती चार ओळींची चिठ्ठी काढायची आणि 'कुठे' आणि 'कधी' या ओळी अजून खऱ्या आहेत का ते बघायचं. अनेकदा शब्द बरोबर असतो, जागा बदललेली असते. नोकरीची पाळी बदलली, मुलाची शाळा बदलली, की जुनी खूण समोर येतच नाही.

शेवट मात्र नीट करा. सोळा सोमवार केले की सतराव्याला उद्यापन असतं, चातुर्मासाचा नेमही कार्तिकीला रीतसर सोडतात. शब्द तसाच लोंबकळत ठेवला की पुढच्या वर्षीचा अर्ध्या मनानं घेतला जातो. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एक पान घ्या. जिथं शब्द उपयोगी पडला असे दोन प्रसंग तारखेसह लिहा. आठवूनही पाळला नाही असा एक. आणि शब्दच चुकीचा ठरला असा एक, कारण 'पुरे' म्हणून नाकारलेला एखादा माल खरंच हवा होता, असंही होतं. हा चौथा प्रसंग पुढचा शब्द निवडताना फार कामाला येतो. पाळला न गेलेला प्रसंगच वर्षभर पुन्हा पुन्हा आला असेल, तर तोच शब्द आणखी एक वर्ष ठेवा.

काहींनी विचारलंय, तो कागद पंचगंगेत सोडू का. कृपा करून नको, नदीत जाणारं आधीच खूप झालंय. कुंडीतल्या मातीत पुरा, किंवा लग्नपत्रिका, जुनी कागदपत्रं ठेवता त्या डब्यात टाका. डब्यात टाकणार असाल तर कोपऱ्यात वर्ष लिहायला विसरू नका, नाहीतर आधी 'चाल' होता की 'पुरे', हे पाच वर्षांनी सांगता येत नाही.